पांढरा गट

रंग संपला म्हणून भामानं तो एक चौकोन तसाच सोडला असेल, असं वत्सलाबाईंना आधी वाटलं. त्या आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पूजायच्या मातीच्या घागरी धूत होत्या. धूत होत्या म्हणजे ओल्या फडक्यानं पुसत होत्या. टँकर काल आला होता आणि पुन्हा कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नव्हतं. लेक शेजारी बाजेवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती.

"हे एवढं पांढरं कावून ठेवलंस? रंग सरला का?"

"सरला न्हाई आई. त्याला रंगच न्हाई."

भामा औरंगाबादला भूगोलात एमएस्सी करत होती आणि शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला तिनं आपलंच गाव घेतलं होतं. हिवरवाडीच्या कुठल्या जमिनीवर कोणाकोणाचा हक्क नोंदवलेला आहे, हे एका नकाशावर दाखवायचं, असा तो प्रकल्प. सातबारे शासनाच्या संकेतस्थळावरून, फेरफार तलाठ्याकडून, खरेदी-गहाणाची सूची दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून, सोसायटीच्या कर्जाच्या नोंदी सहकार खात्याकडून. सगळं एकावर एक ठेवून तिनं रंग भरले होते. सोसायटीच्या कर्जाचा बोजा लाल, बँकेचा पिवळा, पाझर तलावात गेलेली जमीन निळी, दुसऱ्याची पायवाट किंवा विहिरीतला हिस्सा असेल तर तिरप्या रेघा. आजोबांच्या, राधाकिशनबापूंच्या, दोन्ही मुलांची जमीन त्या नकाशावर लग्नाच्या मांडवासारखी दिसत होती. बापू आज असते तर त्यांना आपली काळी रानं ओळखूही आली नसती.

"रंग न्हाई म्हणजे काय?"

"म्हणजे त्या गटावर कोणाचाच हक्क चढलेला न्हाई. सोसायटीचा न्हाई, बँकेचा न्हाई, वाटेचा न्हाई."

"मालकाचा तरी हाय का?"

"मालकाचा हाय की. मोठ्या काकांचा. रस्त्याकडचा, एकशे अठरा."

वत्सलाबाईंच्या हातातली घागर हातातच राहिली.

"तो तर सोसायटीकडं हाय. आमचं लगीन झाल्यापासून ऐकतेय मी."

"मला पण तेच वाटलं. म्हणून तीनदा तपासलं. जानेवारीत बोजा कमी झालाय. फेरफार मंजूर हाय."

वत्सलाबाईंनी घागर खाली ठेवली, पदरानं हात कोरडे केले आणि पहिल्यांदाच लेकीच्या प्रकल्पाकडं नीट वाकून पाहिलं.

त्यांना हवं होतं ते एवढंसंच होतं. दूध संघ त्यांच्या महिला संस्थेला कूलर द्यायला तयार होता. स्टीलचा मोठ्या पोटाचा हौद. धार काढून दूध त्यात ओतलं की थंड. अट अशी की संस्थेनं डांबरी रस्त्याला लागून दोन गुंठे जागा तीस वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घ्यायची आणि त्या जागेच्या सातबाऱ्यावर कोणाचाही बोजा नसावा. मुदत परवाची. जागा दाखवली नाही तर कूलर नांदूरघाटला जाणार. इकडं म्हशी चारा छावणीत बांधलेल्या, दूध कॅनमधून रिक्षात, आणि रिक्षा संघाच्या युसूफ वडगावच्या केंद्रावर पोचेपर्यंत उन्हानं निम्मे कॅन नासलेले. वस्तीवरच्या बायांनी ऊसतोडीच्या मुकादमाला दारातून परत पाठवलं होतं. यंदा कोयता घेऊन कारखान्याला जात न्हाई, म्हशी सांभाळतो, असं त्या म्हणाल्या होत्या, ते वत्सलाबाईंच्या शब्दावर. मुकादम हसून गेला होता. पुन्हा येतो, म्हणाला होता.

"हे कोणाला बोललीस?"

"न्हाई."

"मंग गप बस."

"आई, मी काही लपवणार न्हाई. सगळ्यांना दिसंल अशीच माहिती हाय ती. मोठ्या काकांना पण माहीतच असंल."

"त्यांना माहीत असतं तर ते आज आजारी पडले असते," वत्सलाबाई म्हणाल्या. "कोणी इचारलं तर खरं सांग. इचारायच्या आधी सांगू नको. ह्यात खोटं काय हाय?"

भामानं विचार केला. खोटं काही नव्हतं. तरी तिला ते मोजमापात चूक राहिल्यासारखं वाटत राहिलं.

*

भामाच्या मोठ्या काकांचं, अर्जुनरावांचं मत असं की शेतकऱ्याची राखण दोघं करतात, कुत्रं आणि बोजा. कुत्रं परक्यांपासून आणि बोजा आपल्यांपासून.

हे मत त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, पण त्यावर त्यांचं अर्धं आयुष्य निभावलं होतं. थोरला मुलगा शहादेव रस्त्याकडच्या रानात धाबा काढायचा म्हणाला, तेव्हा ते म्हणाले, "काढ की. पण सोसायटीचा बोजा हाय, बाबा." धाकटा भाऊ त्रिंबक रानाची अदलाबदल करू म्हणाला. "करू की. पण बोजा हाय." बहीण केशरबाई एकदा हिश्श्याचं बोलली, तेव्हा तर त्यांचे डोळे भरून आले होते. "तुला न्हाई म्हणंल का मी, केशर? पण बोजा!" प्रत्येकजण हात हलवत परत गेला आणि प्रत्येकाला जाताना अर्जुनरावांची दयाच आली. गावच्या सोसायटीचा चेअरमन, आणि स्वतःची जमीन सोडवता येईना!

जमीन त्यांना सोडवायचीच नव्हती. दर मार्चला ते नवंजुनं करायचे. जुनं कर्ज भरलं असं दाखवायचं, त्याच दिवशी नवं उचलायचं. थकबाकी राहत नाही आणि बोजाही हलत नाही. ही धावपळ धर्मराज करायचा. धर्मराज हा त्यांचा उजवा हात. सोसायटीच्या निवडणुकीत पॅनल उभं करणं, गाड्या पाठवणं आणि अण्णा अर्धं वाक्य बोलले की उरलेलं करून टाकणं, ही त्याची कामं.

आत्ता तो खुर्चीशेजारी उभा राहून टोपीची घडी करत होता.

"अण्णा, एक सांगायचं राहिलं व्हतं. निवडणुकीच्या टायमाला..."

"जेवल्यावर सांग बे."

"जेवायच्या आधी सांगितलेलं बरं पडंल."

"मंग आखिती झाल्यावर सांग."

तेवढ्यात केशरबाई आंब्याची पेटी घेऊन आल्या. नांदूरघाटहून जीपनं आल्या होत्या. डोक्यावरचा पदर धुळीनं तांबडा झाला होता. पेटी भावजयीच्या हातात देऊन त्या थेट भावाच्या खुर्चीपाशी येऊन बसल्या.

"दादा, वत्सला आज जागा मागणार हाय. सगळ्यांच्या देखत."

"मागू दे."

"देशील?"

"कावून न्हाई देणार? भावाची बायको हाय माझ्या. बायामाणसांचं काम हाय. दोन गुंठ्यासाठी अर्जुनरावानं तोंड फिरवलं, असं म्हणू देतो का मी?"

केशरबाईंनी भावाच्या तोंडाकडं पाहिलं. लहानपणापासून त्या हे तोंड पाहत होत्या.

"बोजा हाय अजून?"

"हाय म्हणजे! बापूंच्या आशीर्वादासारखा डोक्यावर हाय."

केशरबाई निवांत झाल्या. त्यांच्या घरी नांदूरघाटला चार म्हशी होत्या आणि कूलर तिकडं आला तर तो त्यांच्या दारापासून हाकेच्या अंतरावर बसणार होता. "मंग दे," त्या म्हणाल्या. "मोठ्या मनानं दे."

धर्मराजनं टोपी उलटी घातली, ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

*

आमरस आणि पुरणपोळीचं जेवण होईस्तोवर धर्मराज दोनदा अण्णांकडं जायला उठला आणि दोनदा परत बसला.

त्याची चूक एवढीच की त्यानं चांगलं काम केलं होतं. गेल्या वर्षी मार्चला अण्णा चारा छावणीच्या गडबडीत होते आणि नवंजुनं राहून गेलं. कर्ज थकलं. मग सोसायटीची निवडणूक लागली. थकबाकीदाराचा फॉर्म छाननीत उडतो, हे अण्णांच्या ध्यानातच नव्हतं, कारण ते आयुष्यात कधी थकले नव्हते. धर्मराजनं स्वतःच्या खिशातून जुनं भरलं. निवडणुकीच्या दिवसांत नवं मिळत नव्हतं, आणि यंदाच्या मार्चला नेहमीसारखं झालं असेल असं अण्णा धरून चालले. अण्णा बिनविरोध आले, गुलाल उडाला. सोसायटीचा सचिव नवा होता, होतकरू होता. त्यानं बेबाकीचा, म्हणजे कर्ज फिटल्याचा, दाखला त्याच आठवड्यात तलाठ्याकडं पाठवला. ही बातमी धर्मराजनं एखाद्या चांगल्या दिवशी सांगायची म्हणून राखून ठेवली होती. अण्णा पाठीवर थाप मारतील, तालुक्याला कुठंतरी चिकटवतील, असं त्याचं गणित होतं.

जेवणं झाली. लिंबाखाली सतरंजी अंथरली. बापूंच्या नावाची घागर पाटावर मांडलेली होती, वर खरबूज. वस्तीवरच्या दोन-चार बाया भिंतीकडंनं बसल्या होत्या. त्यांना वत्सलाबाईंनी मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. भामा लॅपटॉप मिटून आईच्या मागं बसली होती.

वत्सलाबाई थोरल्या दिराशी कधी थेट बोलत नसत. लग्न होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली, लेक शिकून मोठी झाली, संस्थेच्या अध्यक्ष म्हणून त्यांनी कलेक्टरसमोर भाषण केलं, तरी भायांशी बोलायचं ते जावेच्या मार्फत. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"बाई, भायांना म्हणावं, संस्थेला कूलर आलाय. रस्त्याकडंनं दोन गुंठे लागतेत. परवापर्यंत कागद दिला न्हाई तर तो नांदूरघाटला जातोय."

थोरली जाऊ सुंदरबाई नवऱ्यापासून हातभर अंतरावर सुपारी कातरत होत्या. "ऐकलं त्यांनी. बहिरे न्हाईत ते."

"बाई, तरी सांगा."

"अहो, वत्सला म्हणतीय जागा पायजे."

आधी त्रिंबक उठला. "माझ्या रानातून घ्या."

"बाबा, तुमच्यावर बँकेचा बोजा हाय," भामा म्हणाली. "पिवळा."

"मला माहीत हाय गं. म्हणायला काय जातंय?" तो बसला. सगळे हसले.

"माझ्या हिश्श्यातून घ्या मंग," केशरबाई म्हणाल्या.

"आत्या, तुमचं हक्कसोडपत्र झालंय. लग्नानंतर लगेच."

"जमीन सोडली असंल. मन थोडंच सोडलंय!"

आता सगळ्यांच्या माना अर्जुनरावांकडं वळल्या. अर्जुनराव सावकाश उठले. माणसं समोर बसलेली दिसली की त्यांना आपोआप उभं राहावंसं वाटायचं. त्यांनी नेहरू शर्टाच्या बाह्या सरळ केल्या. धर्मराज खोकला.

"दोन गुंठे?" अर्जुनराव म्हणाले. "दोन गुंठ्यात म्हैस तरी वळंल का? आपल्या लेकीबाळी उन्हातान्हात दूध घेऊन पळायल्या, ते नासायलं, आणि आपण नुसतं बघायचं?"

भिंतीकडच्या बाया सरसावून बसल्या. धर्मराज जोरात खोकला.

"पाणी पी बे. तर मी काय म्हणतो. रस्त्याकडचा माझा एकशे अठराचा गट. सोन्यासारखं रान. त्यातले दोन न्हाई, पाच गुंठे दिले!"

टाळ्या पडल्या. त्यांच्यातल्या छबुबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्यांनी मुकादमाला सगळ्यात आधी परत पाठवलं होतं. धर्मराजला आता खोकला यायचाच थांबला.

"बापूंच्या घागरीसमोर सांगतो," अर्जुनरावांना टाळ्या चढल्या होत्या, "अर्जुनरावानं दिलेला शब्द मागं घेतला, असं कधी झालं न्हाई!" मग त्यांनी मोठा सुस्कारा सोडला. हा सुस्कारा घरातल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता. "पण माझं नशीब खोटं. सोसायटीचा बोजा! मी चेअरमन, पण माझ्या हाताला बेडी. भामा, तुझा नकाशा दाखव ह्यांना. बोजा कसा ठळक दिसतोय ते दाखव. पुन्हा कोणी म्हणायला नको, काकानं नुसतंच तोंडानं दिलं."

भामानं आईकडं पाहिलं. आता तर विचारलं होतं.

तिनं लॅपटॉप उघडून सतरंजीच्या मधोमध ठेवला. "मोठे काका, तुमच्या गटाला रंग न्हाई."

"मंग दे की!"

पुन्हा हशा झाला. भामा हसली नाही.

"द्यायला नोंद लागती. तुमचा बोजा जानेवारीतच कमी झालाय. इतर हक्कात निरंक लिहिलंय."

अर्जुनराव लॅपटॉपवर वाकले.

"नकाशा चुकला असंल," अर्जुनराव म्हणाले.

"मला पण वाटलं. म्हणून सही असलेला सातबारा काढलाय कालचा." तिनं कागद पुढं केला. अर्जुनरावांनी तो घेतला, लांब धरला, जवळ धरला. वर त्यांचंच नाव होतं. खाली जिथं इतकी वर्षं सोसायटी बसली होती, तिथं कोणीच नव्हतं.

"म्हणजे मोकळी झाली जमीन?" सुंदरबाईंनी अडकित्ता खाली ठेवला.

"मोकळी, मोठ्या आई."

"कोणी फेडलं?" अर्जुनरावांचा आवाज एवढा चढला की घागरीवरचं खरबूज हललं असं धर्मराजला वाटलं. "मी न्हाई फेडलं! कोणी फेडलं?"

"मी, अण्णा," धर्मराज म्हणाला.

"तुला कोणी सांगितलं बे?"

"तुमचा फॉर्म उडाला असता, अण्णा."

"उडू द्यायचा व्हता!"

"दुसरं कोणी चेअरमन झालं असतं."

"होऊ द्यायचं व्हतं! एवढ्या वर्षांची माझी..." आणि अर्जुनराव थांबले. सतरंजीवरचं प्रत्येक माणूस त्यांच्याकडं पाहत होतं.

त्रिंबकनं हनुवटी खाजवली. "दादा, कर्ज फिटलं म्हणून माणसाला एवढं वाईट वाटलेलं मी पहिल्यांदाच बघायलो."

"वाईट कोणाला वाटलं? मला न सांगता केलं, त्याचा राग हाय."

"मी सांगायलो व्हतो, अण्णा. तुमीच म्हणला, आखिती झाल्यावर."

मागून शहादेव पुढं आला. "दादा, मंग माझ्या धाब्याच्या वेळेला..."

"तू गप बस!" बाप म्हणाला. त्रिंबकही काहीतरी अदलाबदलीचं बोलायला लागला. जमीन मोकळी झाल्याची बातमी सतरंजीच्या या टोकाकडून त्या टोकाकडं चालली होती आणि अर्जुनरावांना एका क्षणात दिसलं की आता रोज कोणीतरी येणार, चहा पिणार आणि मागणार.

*

केशरबाईंना भावाची कीव आली आणि त्याच वेळी आपला कूलर हातातून निसटताना दिसला. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात वाचवता येतील असं त्यांना वाटलं.

"दादा, तू कावून एवढा जीवाला लावून घेतोस?" त्या मायेनं म्हणाल्या. "बोलण्याच्या भरात बोललास. कोणी धरून बसणार न्हाई. नांदूरघाटला आमच्या गावच्या भगवानरावांनी जागा काढून ठेवलीच हाय. त्यांचं मन मोठं हाय, त्यांना झेपतं. तू आता वय झालेला माणूस. तू न्हाई दिलीस तर काही बिघडत न्हाई."

बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, भगवानरावांचं नाव घ्यायला नको होतं. भगवानरावांनी एकदा कारखान्याच्या निवडणुकीत अर्जुनरावांना पाडलं होतं आणि नंतर पेढे घेऊन घरी आले होते. ते पेढे अर्जुनराव अजून विसरले नव्हते.

"कोणाला झेपतं?" अर्जुनराव म्हणाले.

"तसं न्हवं दादा..."

"भगवानरावाला झेपतं आणि अर्जुनरावाला न्हाई? दोन गुंठे? त्याचं सगळं रान मुरमाड, त्यानं दिलं काय आणि न दिलं काय! कुठं करायचं दस्तखत?"

वत्सलाबाईंनी पदराखालून कागद काढला. संमतीपत्र सकाळीच लिहून तयार होतं. पेनसुद्धा त्यातच खोवलेलं होतं. केशरबाईंनी ते पेन पाहिलं, मग भावजयीकडं पाहिलं. वत्सलाबाई खाली बघत होत्या. एवढ्या नम्रपणानं खाली बघणाऱ्या बाईनं आपल्या भावाला आज उठवलं, बोलतं केलं आणि बसवलं, हे केशरबाईंच्या ध्यानात आलं आणि त्यांना राग यायच्या ऐवजी हसू फुटलं. ते त्यांनी पदरात दाबलं.

अर्जुनराव चष्मा लावून वाचायला लागले. सही करायच्या जागेपाशी त्यांचा हात अडखळला.

"पाच म्हणलो ते जरा भरात म्हणलो."

"बाई," वत्सलाबाई म्हणाल्या, "भायांना म्हणावं, कागदावर दोनच हायत. आमाला दोनच पायजेत."

"दोनच हायत," सुंदरबाईंनी सांगितलं. "आणि लवकर करा. माझं पण दूध त्याच रिक्षात नासतंय रोज. कोणी इचारलं का मला?"

अर्जुनरावांनी बायकोकडं पाहिलं. तिच्या म्हशीचं दूध संस्थेला जातं हे त्यांना आजच कळत होतं. त्यांनी सही केली. साक्षीदार म्हणून धर्मराजची सही घेतली.

*

उन्हं कलल्यावर सगळे रस्त्याकडच्या रानात गेले. खुंट्या आजच ठोकायच्या, असा वत्सलाबाईंचा आग्रह होता. उद्या सकाळी सोसायटीचं ऑफिस उघडतं, एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्रिंबकला ते पुरलं. दादा नवं कर्ज उचलून बोजा पुन्हा चढवू शकत होता. आपली बायको हुशार आहे हे त्याला माहीत होतं. किती हुशार, हे आज दुपारपासून नव्यानं कळायला लागलं होतं. दादाच्या जागी आपण असतो तर, असाही एक विचार त्याच्या मनात येऊन गेला आणि त्यानं घरातल्या दोन-तीन गोष्टी आठवून पाहिल्या.

अर्जुनरावांनी जागा दाखवली ती कोपऱ्यातली, जिथं खडक वर आला होता.

"इथं टँकर वळणार न्हाई, मोठे काका," भामा म्हणाली. तिच्या एका हातात मोबाईल होता, दुसऱ्यात टेप. "दूध न्यायला टँकर येणार. त्याला वळायला एवढी जागा लागती." तिनं चालून दाखवली.

"त्यो मोबाईल सांगतोय का तुला?"

"टँकर सांगतोय."

कुरकुर करत अर्जुनराव दहा पावलं सरकले. टेपचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं त्रिंबकनं. अर्जुनराव टेप ढिला धरायचे, म्हणजे दोन गुंठे लवकर भरतील. त्रिंबक हसत ताणायचा. भामा दोघांच्या मधे उभी राहून "काका, ताण. बाबा, ढिला," असं म्हणत होती. दोघं भाऊ लहान असताना विटीदांडूच्या वेळीही हेच व्हायचं, फक्त मधे उभं राहायला केशरबाई असायच्या. आज त्या बांधावर वत्सलाबाईंच्या शेजारी बसल्या होत्या.

"सकाळी कूलर किती वाजता उघडशील गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुमच्या धारा कधी निघतेत, वन्सं?"

"पाचला. जीपला दोन कॅन बसतेत."

"मंग तुमची जीप येईस्तोवर बंद करत न्हाई."

केशरबाईंनी मान डोलावली. भगवानरावांना काय सांगायचं ते जीपमध्ये ठरवू, असं त्यांना वाटलं असावं.

तोवर बातमी वस्तीवर पोचली होती. बाया रानात यायला लागल्या. कोणी कडेवर पोर घेऊन, कोणी छावणीतून थेट, हाताला वैरणीचा भुसा तसाच. त्या खुंट्यांच्या बाहेर ओळीनं उभ्या राहिल्या आणि मोकळ्या जमिनीकडं पाहायला लागल्या, जणू कूलर येऊन बसलाच आहे. छबुबाईंनी वाकून आतल्या ढेकळाला हात लावला आणि तो हात कपाळाला लावला.

अर्जुनरावांनी हे पाहिलं. एवढी माणसं ओळीनं उभी राहिलेली त्यांना सहन होण्यासारखी नव्हतीच. त्यांनी टेप सोडून दिला, दोन पावलं पुढं आले, घसा साफ केला.

"बायांनो," ते म्हणाले, "हे रान आजपासून तुमचं समजा." आणि त्यांचा उजवा हात उठला. तो आधी खुंटीपाशी गेला, मग खुंटीच्या पलीकडं, मग रस्त्याच्या कडेनं लांबवर, जिथं शहादेवला धाबा काढायचा होता तिथपर्यंत फिरत गेला. "इथून... तिथवर..."

"मोठ्या आई, ती खुंटी तिथं न्हाई!" भामा ओरडली.

"तू टेप बघ," सुंदरबाई म्हणाल्या. त्या मापाच्या पुढं खुंटी रोवून, दगड हातात घेऊन खाली बसल्या होत्या. "मी माणूस बघते."

त्रिंबक भावाच्या कानाशी गेला. "दादा, हात आवर. वैनी तुझ्या हाताकडं बघून खुंटी ठोकायल्यात."

अर्जुनरावांनी हात झटकन खिशात घातला. पण तोवर खुंटी अर्धी जमिनीत गेली होती, आणि ओळीतल्या बाया टाळ्या वाजवत होत्या.